उजवा खांदा

लुदोविक मास्तर चर्चच्या पायरीवरून घसरले. खुबा त्यांचा मोडला आणि संकट आलं जोवितावर.

तीस वर्षं गावातल्या त्या वाड्यावरच्या पोरांना दृढीकरणाच्या विधीसाठी तयार करायचं काम मास्तरांकडे होतं. नववी-दहावीतली मुलंमुली रविवारची मिसा, म्हणजे उपासना, संपली की चर्चमागच्या लांबट खोलीत येऊन बसायची. मास्तर पवित्र आत्म्याची सात दानं पाठ म्हणून घ्यायचे, कोणी चुकलं की टेबलावर डस्टर आपटायचे, आणि दर तिसऱ्या वर्षी नोव्हेंबर सरता सरता बिशप येऊन सगळ्यांच्या कपाळाला तेल लावून जायचे. आता मास्तर मडगावला लेकीकडे पलंगावर पडून होते. फादर आनाक्लेतोंनी जोविताला मिसा संपल्यावर दारातच गाठलं.

"तू केमिस्ट्रीची एम.एस्सी. ना गं?"

"हो फादर, पण त्याचा इथे काय..."

"अकरा पोरं आहेत. कशात काय मिसळलं की स्फोट होतो, ते तुला आधी कळेल."

नाही म्हणणं जोविताला कधी जमलंच नव्हतं. औषधाच्या कारखान्यातली चांगली नोकरी तिने आलिशाच्या दम्यापायी सोडली होती. आलिशा आता चार वर्षांची झाली होती, तरी झोपलेल्या लेकीच्या छातीवर नजर लावून मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायची तिची सवय काही जात नव्हती. एकदा नजरेला पहाऱ्याची सवय लागली की ती फक्त लेकीवर थांबत नाही. कोणाच्या आवाजात कधी काटा आला, कोण कोणाला बघून रस्ता ओलांडतं, सगळं तिला दिसायचं. दिसलेलं ती मनात ठेवायची आणि मग त्याची काळजी करत बसायची.

पहिल्या रविवारी ती दोन दिवस खपून केलेला सात रंगांचा तक्ता घेऊन गेली. सुज्ञपणा, समज, सल्ला, धैर्य, ज्ञान, भक्ती, देवाचं भय. तिसऱ्या दानापर्यंत अकराही माना खाली गेल्या. प्रार्थनेसाठी नव्हे, टेबलाखाली मोबाइल होते.

तेवढ्यात शेल्डनने हात वर केला. शेल्डन म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात आगाऊ.

"टीचर, एक विचारू? बिशप थोबाडीत मारतात, खरं का?"

माना वर आल्या.

"कोण म्हणालं तुला?"

"आजा म्हणतो. त्याच्या वेळी बिशपने अशी एक ठेवून दिली की दात हलला."

"तुझ्या आजाचा दात फेणीने हलला असेल," मागून मर्टल म्हणाली. खोली खदखदली.

जोविताचं बोट तक्त्यावर चौथ्या दानापाशी होतं. तिने ते उचललं आणि तक्ता गुंडाळून ठेवला.

"खरं आहे. पूर्वी बिशप गालाला बोटं लावायचे. जोरात नाही. म्हणजे असं की, बाप्तिस्मा झाला तेव्हा तू कुशीत होतास, होकार आईबापांनी दिला. आता तूच स्वतःच्या तोंडाने हो म्हणतोयस. तर जे खरं मानतोस त्यापायी चार तडाखे खायची तयारी ठेव. आता ती पद्धत गेली."

"हॅट, गंमतच गेली," शेल्डन म्हणाला.

"मग मला सांगा, गेल्या महिन्याभरात खरं बोलल्यामुळे कोणाला मार पडला? किंवा शिव्या? किंवा कोणी बोलायचंच बंद झालं?"

मग मर्टलने सांगितलं की लग्नासाठी शिवलेल्या ड्रेसमध्ये आई सोफ्याच्या कव्हरसारखी दिसते असं ती बोलून गेली, तर आई दोन दिवस बोलली नाही. त्यावरून एक निघालं, दुसरं निघालं. तास संपला तेव्हा मोबाइल टेबलावर उलटे पडले होते आणि शेल्डन उभा राहून भांडत होता की आईच्या ड्रेसबद्दल खरं बोलण्याला धैर्य म्हणत नाहीत, मूर्खपणा म्हणतात.

एकच मुलगी बोलली नाही. खिडकीपाशी बसलेली व्हेलंका. ती सबंध तास अंगठ्याचं नख कुरतडत होती. जोविताने ते पाहिलं, कारण ती सगळंच पाहायची. आणि व्हेलंका का गप्प आहे हेही तिला साधारण ठाऊक होतं. व्हेलंकाच्या आणि जोविताच्या घरामध्ये एका कुंपणाचं अंतर होतं आणि नऊ वर्षांचा अबोला.

*

जोविता त्या घरात सून म्हणून आली सहा वर्षांपूर्वी, म्हणजे भांडण तिच्या आधीचं. पण ते तिने इतक्यांदा ऐकलं होतं की डोळ्यांनी पाहिल्यासारखं पाठ होतं. व्हेलंकाचा बाप कायतान फणसाची फांदी तोडत होता. न सांगता, न दोरी बांधता. फांदी कुंपणापलीकडे पडली ती थेट जोविताच्या सासूच्या, पिएदादच्या, डुकरांच्या गोठ्यावर. आत बोनेका होती. लेक लुर्डीनच्या लग्नातल्या सोरपोतेलसाठी, डुकराच्या मांसाच्या झणझणीत कालवणासाठी, वर्षभर पेज घालून पोसलेली डुकरीण. ती जागीच मेली, आणि लग्न तीन आठवड्यांवर. पिएदादने अंगणात उभं राहून तोंड सोडलं. कायतानही तरणा होता, रागात बोलून गेला, "सोरपोतेल नसलं म्हणून नवरा काय पळून जाणार आहे लुर्डीनचा?"

दीड वर्षाने लुर्डीनचा नवरा बोटीवर गेला तो खरंच परत आला नाही.

त्यानंतर डुकरिणीचा विषय कोणी काढला नाही. पण पिएदादने त्या घराकडे पाठ केली ती केलीच. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे पिएदाद ही व्हेलंकाची मादरीन होती. बाप्तिस्म्याला तिनेच व्हेलंकाला हातांवर धरलं होतं. सहा वर्षांची होईपर्यंत ते पोर तिच्याच स्वयंपाकघरात जेवायचं.

*

जोविताने पाठांतर बंद करून टाकलं. दर आठवड्याला एक दान आणि त्याचं एक काम.

सल्ल्याच्या आठवड्यात प्रत्येकाने घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारायचं होतं की तुम्हाला मिळालेला कोणता सल्ला तुम्ही ऐकला नाही. शेल्डन आजाचं उत्तर शब्दशः लिहून आणून नाटकात वाचावं तसं वाचू लागला. "दारू सोड असं मला बायकोने सांगितलं, पाद्रीने सांगितलं, भावाने सांगितलं. मी ऐकलं नाही. आता डॉक्टर सांगतो तेव्हा ऐकतो. कारण तो सुई टोचतो." पोरं हसून हसून बाकांवरून पडायला आली. मग शेल्डनच एकाएकी थांबला आणि म्हणाला, "पण टीचर, हे सांगताना तो रडला. मी त्याला आधी कधी रडताना बघितलंच नव्हतं."

भक्तीच्या आठवड्यात काम होतं बेसांव मागायचं. मोठं माणूस भेटलं की हात जोडून आशीर्वाद मागायचा, मोठ्याने डोक्यावर हात ठेवून द्यायचा. लहानपणी सगळेच मागायचे, मिसरूड फुटलं की लाज वाटायला लागायची. आईवडील, आजीआजोबा, बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता म्हणजे पाद्रीन, मादरीन, कोणीही वगळायचं नाही.

"टीचर, आजा मला म्हणाला, एवढं बेसांव मागतोयस, काय फोडलंस?" शेल्डन म्हणाला.

"आणि दिलं का?"

"द्यावंच लागतं ना. बेसांव मागितलं तर नाही म्हणता येत नाही. आजा म्हणतो, दरोडेखोराने मागितलं तरी द्यायला लागतं."

व्हेलंकाने त्या आठवड्याचा कागद कोराच दिला.

वर्ग सुटल्यावर जोविताने तिला थांबवून घेतलं. टेबलावर दृढीकरणाचे अकरा फॉर्म होते. दहांवर मागे उभं राहणाऱ्याचं नाव होतं. बाप्तिस्म्याला ज्याने धरलं त्यानेच बिशपसमोर खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं, हा इथला रिवाज. व्हेलंकाच्या फॉर्मवर मादरीनचा रकाना मोकळा होता.

"बाय, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हे फॉर्म फादरना द्यायचेत. कोणाचं नाव लिहू?"

"कोणाचंच नको."

"तुझी मावशी आहे ना कुडतरीला? ती चालेल. किंवा मी उभी राहीन."

"मादरीन वारली असती तर दुसरी घेतली असती मी," व्हेलंका म्हणाली. तिने नख तोंडातून काढलं. "पण ती वारलेली नाही टीचर. पलीकडच्या अंगणात मिरच्या वाळवते. मी माझ्या खिडकीतून बघते. ती आली तर मी उभी राहीन, नाहीतर यंदा माझं नाव काढून टाका."

"अगं पण पुढचा बिशप तीन वर्षांनी येणार."

"मग तीन वर्षांनी." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "ती कशी आहे? गुडघा दुखतो ना तिचा? जिना चढताना कठड्याला धरते आताशा."

जोविताने तो फॉर्म बाकीच्यांतून वेगळा काढून पिशवीत ठेवला. कुंपणाच्या अलीकडून तिने पाहिलेलं तिच्या मनात होतंच. व्हेलंकाची सायकल रस्त्यावरून गेली की रगड्यावरचा सासूचा हात थांबायचा. सायकलची घंटी लांब जाईपर्यंत थांबून राहायचा.

*

ऑक्टोबर हा सायबिणीचा महिना. सायबिणीची, म्हणजे मरियामातेची, मूर्ती एकेका घरी एक दिवस राहते. दुसऱ्या संध्याकाळी त्या घरची बाई ती हातात घेऊन मेणबत्त्या आणि गाण्यांसकट शेजारच्या घरी पोचवते. घरांची यादी मास्तर करायचे, आणि नऊ वर्षं त्या यादीत पिएदादच्या घरानंतर एक घर सोडून पुढचं घर यायचं. पहिल्या वर्षी पिएदाद म्हणाली होती, मी त्या दारात पाय ठेवणार नाही. भांडण नको म्हणून मास्तरांनी यादीत त्या घरावरून उडी मारली, मग उडीच रिवाज होऊन बसली. कायतानही मानी. सायबीण आपल्या पायांनी येते, बोलवायला जात नाहीत, एवढंच तो म्हणायचा आणि त्या संध्याकाळी दार लावून घ्यायचा.

मास्तर नव्हते, म्हणून यादीचं काम जोविताने वर्गाला दिलं. घराघरांत जा, त्या घरी कोणासाठी प्रार्थना हवी ते विचारा, आणि क्रमाने लिहा. देताना तिच्या डोक्यात समज या दानाखेरीज काही नव्हतं. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी शेल्डन, मर्टल आणि व्हेलंका यादी घेऊन घरी आले. पिएदाद मागल्या दारी मासे घेत होती. सव्वीस घरं. मर्टलचं गोल अक्षर. चौदावं घर पिएदाद. पंधरावं घर कायतान.

जोविताने यादी वाचली. तिघं तिच्याकडे बघत होते.

"हे कोणी लिहिलं?"

"मी," शेल्डन म्हणाला.

"अक्षर माझं आहे," मर्टल म्हणाली.

"यादी मी सांगितली," व्हेलंका म्हणाली. "घर जिथे आहे तिथेच लिहिलंय टीचर. पंधरावंच आहे ते."

"तुमच्या घरी कोणासाठी प्रार्थना?" जोविताने बोटाने शोधलं. त्या ओळीत लिहिलं होतं, 'लुर्डीनसाठी.'

"हे कोणी सांगितलं?"

"डॅडीने," व्हेलंका म्हणाली.

खाली टीचरची सही हवी होती. रविवारी फादर ती यादी वेदीवरून वाचणार, आणि वेदीवरून वाचलेलं बदलत नाहीत. जोविताच्या हातात पेन होतं आणि डोळ्यांसमोर आलिशाची छाती. दम्याचा झटका आला की डॉक्टर येईपर्यंत पोरीला मांडीवर उभं धरून, पाठीवर खोबरेल चोळत, कानात काहीतरी गुणगुणत शांत करणं हे फक्त सासूला जमायचं. जोविता स्वतः त्या वेळी नुसती घामाघूम व्हायची. ही बाई उद्या रागावून लुर्डीनकडे कुवेतला निघून गेली तर? नवरा, क्लाइव्ह, शिफ्टवरून घरी येऊन विचारेल, तुला कोणी सांगितलं होतं यात पडायला?

"गुडघे थरथरत असताना करतो ते धैर्य, असं वर्गात कोणीतरी म्हणालं होतं," शेल्डन छताकडे बघत म्हणाला.

"गप रे," मर्टलने त्याला कोपर मारलं.

जोविताने सही केली. सही इतकी वाकडी आली की तिचीच तिला ओळखू येईना.

*

रविवारी फादरनी यादी वाचली. चौदा, पिएदाद. पंधरा, कायतान. चर्चमध्ये पंखे फिरत होते तरी सगळ्यांच्या माना वळल्याचा आवाज आला असं जोविताला वाटलं. शेजारी पिएदादने फक्त जपमाळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

घरी येताना ती बोलली नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती कामं करत होती. भांडी नेहमीपेक्षा हळू ठेवत होती. बुधवारी आलिशाला पेज भरवताना सासू पोरीकडे बघत म्हणाली, "तुझ्या आईची सही मी ओळखते हो. कितीही वाकडी केली तरी."

"मांय, मी..."

"मी तुला काही विचारलं?"

दोन आठवड्यांनी सायबीण चौदाव्या घरी आली. पिएदादने झेंडूचे हार केले, नवं कापड अंथरलं, प्रार्थना म्हणवली, सगळ्यांना उकडलेले चणे वाटले. कशात काही कमी केलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली, अंगणात वाडा जमला. अकरा पोरं मेणबत्त्या घेऊन पुढे, शेल्डनच्या गळ्यात गिटार. आणि पिएदाद खुर्चीत बसली.

"गुडघा धरलाय माझा. जोविता, तू ने."

"मांय, मूर्ती घरच्या मोठ्या बाईने..."

"सही करायला मोठी आहेस ना? मग ने."

अंगणात कोणीतरी खोकलं. शेल्डनने चुकून एक तार छेडली आणि पटकन हाताने दाबली. जोविता मूर्तीकडे वळली. मूर्ती हातातून पडली तर काय, हेही तिच्या मनात येऊन गेलं.

तेव्हा पोरांतून व्हेलंका पुढे आली. ज्या घरी सायबीण जायची त्या घरच्यांनी दारात थांबून वाट पाहायची असते, न्यायला यायचं नसतं. ती आली होती. पायऱ्या चढून उंबऱ्यापर्यंत आली. मेणबत्तीची ज्योत एवढी थरथरत होती की मेण तिच्या मनगटावर सांडलं. तिने मेणबत्ती मर्टलकडे दिली आणि हात जोडले.

"बेसांव दी, मादरीन."

पिएदादने तिच्याकडे पाहिलं नाही. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. पण तिचा उजवा हात खुर्चीवरून उठला. जणू हाताला कोणी विचारलंच नव्हतं. वर येऊन तो हवेत थांबला.

"वाक थोडी," ती भिंतीला म्हणाली. "ताडासारखी वाढलीस. गुडघा दुखतो माझा, उठायला लावतेस?"

व्हेलंका वाकली. हात डोक्यावर टेकला.

"देवाचं बेसांव," पिएदाद म्हणाली. मग हात तसाच ठेवून, हळू, "नऊ वर्षं लागली तुला?"

"तू दार लावून घ्यायचीस."

"दार वाजवता येत नाही?"

"सहा वर्षांची होते मी. कडीपर्यंत हात पोचायचा नाही."

पिएदादने हात तिच्या डोक्यावरून खाली घेतला. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठली. जोविता धरायला धावली तर तिला ढकलून दिलं. "बाजूला सर. आणि तू, गिटारवाला, वाजव नीट. नाहीतर वाजवू नको."

मूर्ती तिनेच उचलली. कुंपणाला वळसा घालून जायला पन्नास पावलंही नव्हती. तेवढ्यात दोन गाणी झाली, इतकी ती सावकाश चालली. कायतान पायरीवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून, मेणबत्ती धरून. अंगण सारवलेलं, फाटकाला माडाच्या झावळ्या बांधलेल्या. मूर्ती येणार की पुढच्या घरी जाणार हे त्यालाही ठाऊक नव्हतं, तरी सगळं केलेलं होतं.

"पायरी सांभाळ, मावशी."

"पायरी मला दाखवतोस? तुझ्या बापाने बांधली तेव्हा रेती मी चाळलीय."

ती पायरीवर चढली नाही. खालूनच तिने मूर्ती वर केली, त्याने वाकून घेतली. दोघांचे हात क्षणभर एकाच मूर्तीला होते.

"लुर्डीन बरी आहे?" कायतानने विचारलं.

जोविताला वाटलं, आता काहीतरी फुटणार.

"बरी आहे," पिएदाद म्हणाली. मग तिने मान वर करून फणसाकडे पाहिलं. "यंदा फांद्या तोडल्यास?"

"तोडल्या. दोरी बांधून."

"हं."

ती आत गेली नाही. सगळे आत प्रार्थना म्हणत होते तेव्हा ती फणसाखाली आलिशाचा हात धरून उभी होती. 'लुर्डीनसाठी' असं शेल्डनने मोठ्याने वाचलं तेव्हा जोविताने खिडकीतून बघितलं. सासू झाडाच्या खोडाला पाठ टेकून उभी होती, चेहरा अंधारात. व्हेलंका चण्यांचा द्रोण घेऊन बाहेर गेली. पिएदादने तो घेतला. "पोरीसाठी घेतेय," ती म्हणाली.

*

फॉर्म द्यायच्या शनिवारला एक दिवस उरला आणि व्हेलंकाचा फॉर्म जोविताच्या कपाटावर तसाच पडला होता. मादरीनचा रकाना मोकळा. त्या संध्याकाळनंतर कुंपणापलीकडे कोणी गेलं नव्हतं, पलीकडून कोणी आलं नव्हतं. व्हेलंका मिसा संपल्यावर पिएदादसमोर येऊन बेसांव मागायची. पिएदाद द्यायची आणि पुढे चालू लागायची. एवढंच. विचारायची हिंमत जोविताला होत नव्हती. एक सही करून तिचं वर्षाचं धैर्य संपलं होतं. फादरना काय सांगायचं, बारा-तेरा वाक्यं तिने मनात जुळवून पाहिली, सगळी मोडली.

दुपारी पिएदाद मागल्या दारी पाटावर बसून बांगडे साफ करत होती. आलिशा शेजारी मांजरीला हाकलत होती. जोविता कपडे वाळत घालत होती आणि सवयीने पोरीचा श्वास ऐकत होती. श्वास ठीक होता.

"काय गं," सासूने विळीवरून नजर न उचलता विचारलं, "ते बिशपसमोर उभं राहतात तेव्हा हात कुठल्या खांद्यावर ठेवायचा असतो?"

जोविताच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला ती मुद्दामच जरा जास्त वेळ वाकली.

"उजव्या, मांय. उजवा हात, उजव्या खांद्यावर."

"मागे उभं राहून?"

"मागे उभं राहून."

"आणि किती वेळ?"

"तेल लावून होईपर्यंत. मिनिटभर."

"मिनिटभर गुडघा टिकेल." तिने शेवटच्या बांगड्याचं पोट साफ केलं. उठली, झाडाचं लिंबू तोडून आणलं, अर्धं कापलं आणि दोन्ही हातांना चोळू लागली. बोटांच्या मधे, नखांत, मनगटापर्यंत. मग हात नाकाशी नेऊन हुंगले आणि उरलेलं अर्धंही चोळलं.

"फॉर्म आण. पेन आण. नाव मीच लिहीन, तुझं अक्षर मला पसंत नाही."

जोविता धावत आत गेली आणि फॉर्म घेऊन आली. पण पिएदादने तो लगेच घेतला नाही. हात पदराला पुसत ती जोविताच्या पाठीमागे येऊन उभी राहिली.

"हलू नको. बघू दे."

तिचा हात जोविताच्या उजव्या खांद्यावर आला. सहा वर्षांत तो तिथे कधी आला नव्हता. ओला होता. लिंबाचा वास येत होता आणि त्याखाली थोडा बांगड्याचाही.

"असा?"

"असाच, मांय."

"जड होत नाही ना?"

"नाही."

"हलका ठेवला तर कळायचं कसं तिला," पिएदाद म्हणाली, आणि तिने हात आणखी थोडा दाबला.